पिकअप गाडीचा अल्टरनेटर घरी बदलताना

जळकोटहून उदगीरच्या बाजारात सोयाबीन व तूर नेणाऱ्या आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस पिकअप गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे मिस्त्री लोकांचा डायनामो, घरीच बदलता येण्याजोगा आहे. मात्र तो खरोखर बिघडला आहे काय, हे आधी पाहावे. इंजिन बंद असता चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू होताच आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. न चढल्यास प्रथम ढिला पट्टा व गंजलेली टोके तपासावीत. चालत्या इंजिनाची बॅटरी सोडवून परीक्षा घेण्याची रीत घातक आहे; तिने चांगला अल्टरनेटरही जळतो.

कामास आरंभ करताना बॅटरीची ऋण तार काढावी, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत किल्ली बंद असताही वीज असते. मग तारा सोडवून, पट्टा सैल करून बोल्ट काढावेत.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीस ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या नळ्या नीट न बसल्यास ब्रेक जड होतो, व तेल गळून इंजिनही निकामी होते. म्हणून चार्जिंगचा दिवा विझला म्हणजे काम संपले, असे मानू नये. इंजिन बंद ठेवून ब्रेक कडक होईपर्यंत दाबावा, व पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. ब्रेक किंचित खाली गेला तरच पंप ठीक समजावा. त्यानंतरच माल भरावा.