लोकरीच्या रंगांचे मिश्रण

बंगळूर शहरात १९४८ साली पायाभरणी झालेल्या जयनगर वसाहतीच्या उत्तरेस लालबाग हे उद्यान असून तेथे सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा एक प्रचंड खडक उघडा पडलेला आहे. दुरून तो निव्वळ करडा भासतो. परंतु त्याचे चित्र समोर ठेवून एकाच करड्या लोकरीने भरतकाम केले, तर खडकाऐवजी सिमेंटची भिंत दिसू लागते.

असे का व्हावे? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे १८२४ साली पॅरिसमधील गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या रंगांशेजारी काळी लोकर फिकी दिसते, अशी तेथे तक्रार होती. तपासाअंती काळा रंग निर्दोष ठरला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांतील भेद वाढवून पाहतो; हा नियम शेव्हरल यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. याउलट, रंगीत तंतू इतके बारीक मिसळले की ते वेगवेगळे दिसेनासे होतात, तर डोळ्याला त्यांची एकच छटा जाणवते.

म्हणून लोकर कातण्यापूर्वीच मिसळावी. निरनिराळ्या रंगांची धुतलेली लोकर तोलून, तिचे पातळ थर एकावर एक रचून दातेरी फण्यांच्या जोडीने पिंजावी. काळी व पांढरी लोकर समभाग घेतली तरी मधला करडा मिळत नाही, कारण गडद तंतू वरचढ ठरतात. तेव्हा फिकटात गडद थोडेथोडे मिळवावे आणि प्रत्येक वजन टिपून ठेवावे; नाहीतर धागा मध्येच संपला की तीच छटा पुन्हा साधणे कर्मकठीण! वारंवार पिंजल्यास रंग एकजीव होतो. खडकासाठी मात्र पिंजण लवकर थांबवणेच बरे. अर्धवट मिसळलेल्या रेषाच दगडाचा पोत दाखवितात.

टाका घालताना धागा कापडातून पुनःपुन्हा ओढला जाऊन झिजतो. यास्तव दोन पदर घेऊन त्यांना मूळ पिळाच्या उलट दिशेने पीळ द्यावा आणि सुईत हातभरच धागा ओवावा.

कर्नाटक-महाराष्ट्राच्या माळरानांवरील दख्खनी मेंढीची राठ लोकर घोंगड्यांपलीकडे क्वचितच वापरली जाते व तिला भावही फारसा येत नाही. काळी, तपकिरी, राखी अशी ती निसर्गतःच रंगीत असते. गडद असल्यामुळे तिच्यावर फिकट रंग चढत नाहीत. पण खडकाच्या भेगा व सावल्या भरण्यास तिला रंगवावेही लागत नाही.