पलटण उभी राहते, मग रोज जेवते
‘तिजोरी आणि तलवार’ : लेखांक सहावा

यशवंतराव चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच दिवशी. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, ही गोष्ट महाराष्ट्राने तेव्हापासून इतक्या अभिमानाने सांगितली आहे की तिच्यामागचा हिशेब कुणी मागतच नाही. लढाई थांबली होती. चव्हाणांच्या वाट्याला आलं ते तिचं बिल.

गेल्या आठवड्यात आपण संसद सैन्यासाठी पैसा कसा मंजूर करते ते पाहिलं. आता तो पैसा येतो कुठून आणि एकदा दिला की सुटका होते का, याकडे वळू. त्यासाठी १९६२ ते १९६६ या काळाइतकं बोलकं उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं नाही.

१९६२-६३च्या मूळ अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ३७६ कोटी रुपये होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच ही रक्कम जात होती. नेहरूंच्या सरकारचा हिशेब सरळ होता : आधी धरणं, पोलाद, वीज, सैन्य त्यांच्या जोरावर पुढे उभं राहील. या धोरणाला आज भाबडेपणा म्हणायची रीत आहे. मला ती अर्धीच पटते. १९५७-५८ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटत चालली होती. पोलाद कारखान्याची यंत्रं आणि रणगाडे, दोन्हींसाठी डॉलर आणि पौंड लागत, आणि ते दोन्हींना पुरणारे नव्हते. जवान थंडीचे पुरेसे कपडे नसताना, जुन्या .३०३ रायफली घेऊन डोंगरावर चढले हे खरं. पण त्यांना तिथे तशा अवस्थेत चढवण्याचा निर्णय काही अर्थखात्याचा नव्हता. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे सगळा दोष पैशावर ढकलणं सगळ्यांनाच सोयीचं झालं आहे.

फेब्रुवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी पुढचा अर्थसंकल्प मांडला तेव्हा संरक्षणाचा आकडा ८६७ कोटींवर गेला होता. एका वर्षात दुपटीहून अधिक! एवढी रक्कम उभी करायला मोरारजींनी हाताशी येईल ते केलं. कंपन्यांच्या जादा नफ्यावर ‘सुपर प्रॉफिट्स टॅक्स’ आला. सक्तीच्या ठेवीची योजना आली. तीत पगारदार, दुकानदार, घरमालक आणि शेतसारा भरणारा शेतकरी असे सगळेच ओढले गेले. लोक इतके वैतागले की मोरारजींच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींनी ही योजना काही महिन्यांतच बरीचशी गुंडाळली. देशावर संकट आलं की लोक पैसे देतात, पण ते संकट आठवणीत ताजं असेपर्यंतच. हे अर्थमंत्र्यांना फार लवकर कळतं, सेनापतींना जरा उशिरा.

सोन्याची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. राष्ट्रीय संरक्षण निधीला बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, हे आपल्या आजी-पणजीच्या पिढीने पाहिलेलं आहे. त्या उत्साहाच्या भरात सरकारने सुवर्णरोखे काढले. मग जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आणलं. १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. बाहेरून सांगितलेलं कारण साधेपणाचं वाटे. आतलं कारण परकीय चलनाचं होतं. चोरट्या मार्गाने येणारं सोनं देशाचे डॉलर बाहेर नेत होतं आणि सैन्याला नेमके डॉलरच हवे होते. १४ कॅरटची बांगडी कोण घेणार? सराफकट्टे ओस पडले, पिढीजात सोनारांच्या भट्ट्या विझल्या, देशभर त्यांची आंदोलनं झाली. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये सुटली, तरी सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत राहिला. सीमेवरच्या पलटणीचा खर्च सोनाराच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, याचं याहून थेट उदाहरण मला ठाऊक नाही.

चव्हाणांनी या धावपळीला आकार दिला. भारताची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना १९६४ ते १९६९ या काळासाठी आखली गेली. एकूण खर्च ५,००० कोटी. लष्कराची संख्या ८ लाख २५ हजार, हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन, जुन्या युद्धनौकांच्या जागी नव्या, सीमेवर रस्ते आणि दारूगोळ्याचे कारखाने, अशी तिची उद्दिष्टं होती. देशाच्या तिसऱ्या पंचवार्षिक योजनेचा सरकारी खर्च ७,५०० कोटी होता, तो शेजारी ठेवला की या आकड्याचं वजन कळतं. विदर्भात भंडारा आणि चांदा इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या याच काळातल्या.

पण पाच हजार कोटींतला एक हजार कोटींहून मोठा भाग परकीय चलनात लागणार होता. रुपया आपण छापू शकत होतो, डॉलर नाही. मे १९६४ मध्ये चव्हाण मदत मागायला अमेरिकेत गेले. ते तिथे असतानाच २७ मे रोजी नेहरूंचं निधन झालं आणि दौरा तसाच सोडून त्यांना परतावं लागलं. अमेरिकेने काही मदत, काही कर्ज देऊ केलं, पण भारताला हवी असलेली एफ-१०४ लढाऊ विमानं दिली नाहीत. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले. सोव्हिएत सरकारने शस्त्रं तर देऊ केलीच, शिवाय दोन टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत आणि रुपयांत परतफेड अशा अटी मान्य केल्या. मिग-२१ भारतात बनवायची परवानगीही दिली : विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला.

आपली शस्त्रं इतकी दशकं रशियन का राहिली, याची कारणं सांगताना अलिप्ततावाद, समाजवाद, शीतयुद्ध असे मोठे शब्द वापरले जातात. माझ्या मते निम्मं कारण त्या ‘रुपयांत परतफेड’मध्ये आहे. ज्याच्याकडे उधारी आपल्या नाण्यात चालते, त्याच्याच दुकानात माणूस पुन्हा जातो. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला, त्याने ही निवड पक्की झाली. मग ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. डॉलर-पौंडात जे घ्यायचं होतं ते एका रात्रीत दीडपटीहून महाग झालं. शत्रूने एकही गोळी न झाडता सैन्याचं बजेट असं कापलं जातं.

यात एक गोष्ट दिसत नाही, कारण ती हळू घडते. १९६३ मध्ये उभ्या केलेल्या डिव्हिजन १९७३ मध्येही होत्या, १९९३ मध्येही. विमान एकदा विकत घेतलं जातं. ते उडवणारा, दुरुस्त करणारा, त्याला पहारा देणारा माणूस दर महिन्याला पगार घेतो, शिधा घेतो, पुढे निवृत्त होऊन पेन्शन घेतो. सैन्याची संख्या वाढवणं हा निर्णय एका मंत्रिमंडळाचा असतो, त्याचा खर्च पुढच्या दहा मंत्रिमंडळांच्या माथी बसतो.

२०२५-२६चा अर्थसंकल्प उघडून पाहा. संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये. त्यातल्या दर शंभर रुपयांपैकी साधारण ४६ रुपये वेतन, इंधन, देखभाल आणि दारूगोळ्यावर, २४ पेन्शनवर, ४ मंत्रालयाच्या इतर खात्यांवर. नव्या शस्त्रांसकट सगळ्या भांडवली खर्चाला उरतात २६. या २६मध्येही मोठा वाटा आधीच सही झालेल्या करारांच्या हप्त्यांचा. त्यामुळे ‘संरक्षणासाठी विक्रमी तरतूद’ अशी मथळ्याची बातमी आली की मी आधी भांडवली खर्चाचा आकडा शोधतो. रुपया दरवर्षी घसरतो आणि अर्थसंकल्प दरवर्षी फुगतो, तेव्हा विक्रम तर जवळजवळ दरवर्षीच होणार.

दुसरी अडचण कॅलेंडरची आहे. पाणबुडी घ्यायची म्हटलं की निविदा, चाचण्या, वाटाघाटी यांत वर्षं जातात. मंजूर पैसा मात्र ३१ मार्चला परत जातो. पंधराव्या वित्त आयोगाने यावर वर्षअखेर न मरणारा स्वतंत्र निधी सुचवला होता. अर्थखात्याला असे निधी कधीच रुचत नाहीत, कारण वेगळ्या डब्यात ठेवलेला पैसा त्याच्या हातातून जातो. माझा कौल इथे आयोगाच्या बाजूने आहे.

पैसा हाती असूनही काम अडतं, हे मात्र त्या निधीने सुटणार नाही. १९६४च्या योजनेत ४५ स्क्वाड्रन होती, आज मंजूर संख्या ४२ आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ने शेवटचा निरोप घेतला आणि प्रत्यक्षातली संख्या २९वर आली. ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्येच झाला होता. पण त्यांची इंजिनं अमेरिकेतून यायची होती आणि ती फार उशिरा येऊ लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. चव्हाणांच्या वेळी परकीय चलन अडलं होतं, आता परकीय इंजिन अडतं. इंजिन देशात घडवायला संशोधनावर कितीतरी वर्षं, निकालाची खात्री नसताना खर्च करावा लागतो, आणि तसा खर्च करण्याचं धाडस आपल्या कुठल्याच सरकारने पुरेसं दाखवलेलं नाही.

या सगळ्यावर लोकसभेत तासन्‌तास चर्चा होत असेल, असं वाटेल. अनेक वर्षी संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना, बाकीच्या मागण्यांबरोबर एकगठ्ठा मतदानाला टाकून मंजूर होतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत लष्करासाठी दोन वर्षांहून अधिक काळाचा पैसा मंजूर करायला मनाई आहे, ती सैन्याची मुदत लोकप्रतिनिधींच्या हाती राहावी म्हणून. आपल्याकडे दरवर्षी मंजुरी लागते आणि दरवर्षी ती न बोलता दिली जाते. आपल्या खासदाराने या मागण्यांवर शेवटचा प्रश्न कधी विचारला, हे संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतं. वाचकांनी जरूर शोधावं.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या त्या २४ रुपयांकडे वळू. २०१५ची ‘वन रँक वन पेन्शन’ आणि चार वर्षांनी चारांतल्या तिघांना घरी पाठवणारी २०२२ची अग्निपथ योजना, ही दोन प्रकरणं सहसा वेगवेगळी मांडली जातात. माझ्या मते ती एकाच खतावणीची दोन पानं आहेत.