जिवतीपासून वेताळापर्यंत

श्रावण लागला की रत्नागिरीत देवघराशेजारी जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. कहाण्यांच्या अद्भुत जगाचं आपण पाहिलेलं पहिलं छापील चित्र बहुधा हेच. ते कोणी काढलं, हे विचारावंसं कोणालाच वाटलं नाही.

पुस्तकात हे जग चित्रकाराच्या नावानिशी आलं १९१४ साली. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्याकडच्या व्रतांच्या २० कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, मॅकमिलनने त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ म्हणून छापल्या आणि चित्रं काढली महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण जे. जे.मधलं, पुढे नोकरीही तिथलीच. विलायती पऱ्यांची त्यांना गरज पडली नाही. कहाणीतल्या बायका त्यांनी आपल्या आयाबहिणींसारख्या रंगवल्या. म्हणूनच त्यांच्या शेजारी देव येऊन उभा राहिला तरी तो खराच वाटतो.

मग १९५२. मद्रासच्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ त्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’, त्या मासिकात दाखल झाले. उपसलेली तलवार, खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत, स्मशानातून निघालेला विक्रम: हे त्यांचं चित्र अनेक भाषांतल्या मुलांनी महिन्यामागून महिने पाहिलं. कोकणातल्या मुलाला मात्र ते निराळं दिसलं असणार. वेताळ इथे गावराखणीचा देव. आरवलीचा वेतोबा (१९८१पर्यंत आरवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती) रात्री गावाभोवती फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून नवसाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. असा घरचा वेताळ प्रेतातून बोलताना पाहून मूल घाबरलंही असेल, पण त्या भीतीत ओळखही होती. शंकरना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं. २०२०मध्ये ते गेले, वयाच्या ९६व्या वर्षी. ‘चांदोबा’ त्याआधीच थांबला होता.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या गावाकडून माझी एक अपेक्षा आहे. पुस्तकांच्या नोंदीत लेखक आणि प्रकाशकाच्या बरोबरीने चित्रकारासाठीही एक रकाना असावा. धुरंधरांचं नाव शोधणाऱ्या मुलीच्या हाती मग किंकेडचं पुस्तकही येईल.