फणा नेला, डूख राहिली

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाने 2024 मध्ये पन्नाशी गाठली आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याचा राक्षसकोश, म्हणजे 'मॉन्स्टर मॅन्युअल', नव्याने छापून आला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे, असा हा खेळ. त्याच्या 1977 च्या कोशात 'नागा' आहे. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने त्याचे तीन प्रकार केले आणि सापाच्या अंगावर माणसाचं तोंड बसवलं. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेरचा नागराज नेमका उलटा आहे: अंग माणसाचं आणि डोक्यामागे फण्यांचं छत्र. पण तोंड-शेपटीवरून भांडण्यात अर्थ नाही. तक्रार वेगळी आहे. पन्नास वर्षांत खेळ रचणाऱ्यांनी नागाचा फणा नेला, विष नेलं, आणि नागाशी वागायचे नियम इथेच टाकून गेले. लोककथेतला नाग तर या नियमांवरच उभा असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत भद्रनागाचं देऊळ आहे, आणि त्याच गावात पार्श्वनाथाचं जैन तीर्थही आहे. पार्श्वनाथाच्या डोक्यावर फणा असतो तो राखण करणारा. एकाच गावात दोन धर्मांनी साप पुजला, आणि दोन्हीकडे त्याला मारायची गोष्ट नाही. नागपंचमीची कहाणी तर घरोघरी ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या नांगराने वारुळातली पिल्लं मरतात, नागीण त्याचं घर उजाड करते आणि परगावी दिलेल्या लेकीलाही डसायला निघते. लेकीने पाटावर नाग काढून पूजा मांडलेली असते. ती पाहून नागीण निवते आणि अमृत देते. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही हे निषेध या कहाणीला जोडलेले आहेत. भीती दातांची कमी, हिशेबाची जास्त. सापाला मारलं तरी जोडीदार डूख धरतो ही समजूत शास्त्राला धरून नाही, पण गोष्टीला धरून आहे: मारल्याने प्रकरण मिटत नाही.

1981 मध्ये 'युआन-टी' नावाची सर्पमानवांची जमात खेळात आली. जंगलातलं पडकं शहर, नरबळी, सर्पपूजा, म्हणून दुष्ट. त्यानंतरची तीसेक वर्षं याच साच्याच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत रेंगाळण्यासारखं काही नाही. रेंगाळावं ते 2014 ते 2024 या दशकात. पाचवी आवृत्ती आली, खेळ तळघरातून दिवाणखान्यात आला आणि नव्या मंडळींना तो लोककथांनी भरून हवा झाला. तरी 2017 च्या 'टूम ऑफ ॲनायहिलेशन' या पुस्तकात पुन्हा तेच जंगल आणि तेच सर्पपूजक. जंगलात राहणारा म्हणजे अघोरी, हा हिशेब गडचिरोलीच्या माडिया-गोंडांना परका नाही. बाहेरून येणाऱ्यांनी तो त्यांच्यावर कितीदा लावला आहे. 2020 मध्ये प्रकाशकांनी या पुस्तकातला काही मजकूर नव्या छपाईत बदलल्याचं जाहीर केलं. 2022 मध्ये मिमी मोंडल या बंगाली लेखिकेची नदीकाठची कथा त्याच प्रकाशनाने काढली. दार उघडलं हे मान्यच. याच दशकात आपल्या टीव्हीने 2015 पासून 'नागिन' ही मालिका दळली, त्यामुळे दोष एकट्या अमेरिकेच्या माथी मारता येत नाही. नागीण सूड घेते खरी, पण तिथे नांगर नाही, धानाची बांधी नाही, वारूळही नाही.

याच दशकात विषही स्वस्त झालं. जुन्या नियमांत नागाच्या दंशावर एक फासा टाकायचा, आणि तो चुकला की बहुधा मरण. 2014 च्या नियमांत विष म्हणजे अंगातून वजा होणारे गुण. त्याच आवृत्तीतला नागा मेला तर एक ते सहा दिवसांत पुन्हा जिवंत होतो. डुखेच्या इतक्या जवळ येऊन रचनाकार हुकले, कारण परतलेल्या नागाने मारेकऱ्याला शोधत यावं असं कुठलाही नियम सांगत नाही. शिवाय खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. नागाशी झुंज अर्ध्या मिनिटात संपते. आता घोणशीचा, म्हणजे विदर्भातल्या परडीचा, दंश बघा. दवाखान्यात रोग्याचं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतात आणि वीस मिनिटं तिला हलवत नाहीत. मग नळी कलती करतात. रक्त गोठून जागीच राहिलं तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष रक्तात उतरलं आहे. नातलगांनी त्या नळीकडे बघत काढलेली वीस मिनिटं कुठल्याही राक्षसकोशात नाहीत, आणि सर्पराक्षसाचा खेळ तिथेच मांडायला हवा.

यावर एक आक्षेप सहज येतो: खेळ आहे, फासे आहेत, हिशेबाला गुण लागणारच. लागू द्या. पण मोजायचं ते नागाचं रक्त नव्हे, मोडलेले नियम: कुठलं वारूळ नांगरलं, कोणाची वेस ओलांडली, काय परत केलं. दुसरा आक्षेप जड आहे. 2020 मधल्या एका अभ्यासाच्या अंदाजाने 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना फारशी नाही, खूणही धड दिसत नाही, आणि सकाळ मांत्रिकाच्या दारात जाते. अशा मुलखात सापाचा राक्षस करणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी नव्हे का? होय, आजच्या नियमांनी खेळलात तर नक्कीच, कारण मंत्र म्हणताच विष उतरवणारा पुरोहित याच खेळात पहिल्यापासून आहे. मांत्रिकाचा दावा त्याने फासे न टाकताच खरा केला. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सर्पदंशावरचे उपचार रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. नागपंचमीच्या कहाणीतही मांत्रिक नाहीच. अमृत देते ती दुखावलेली नागीण, तेही स्वतःहून. तेव्हा पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला नाग खेळात आणू पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की त्याचे दात नि लांबी ठरवण्याआधी, पुरोहिताच्या यादीतला तो विष उतरवायचा मंत्र खोडा.