सावकाश धावण्याचे शास्त्र

मनगटी फिटनेस घड्याळात वय, वजन आणि उंची भरली, की ते धावणाऱ्याच्या हृदयगतीचे पाच टप्पे आपणहून आखून देते. धावणाऱ्यांच्या बोलीतले ‘झोन’ ते हेच. कमाल हृदयगतीच्या, म्हणजे पूर्ण ताकद पणाला लावल्यावर हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके पडू शकतात त्या संख्येच्या, ५० ते ६० टक्के हा पहिला झोन, ६० ते ७० टक्के हा दुसरा आणि याच हिशेबाने ९० टक्क्यांच्या वरचा पाचवा, अशी सर्वसाधारण वाटणी असते. आकडे इतक्या ठामपणे पडद्यावर उमटतात, की त्यांचा पाया असलेली कमाल हृदयगती घड्याळाने प्रत्यक्ष मोजलेली नसून सुरुवातीला तरी केवळ वयावरून अंदाजलेली असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘२२० वजा वय’ हे त्या अंदाजाचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र. ते १९७१ मधील फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखापर्यंत मागे नेता येते. पण त्यासाठी स्वतंत्र प्रयोग झालेला नव्हता, इतरांनी प्रसिद्ध केलेली निरीक्षणे एकत्र करून त्यांतून एक ढोबळ रेषा काढलेली होती. पुढे २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या सामग्रीवरून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असे सुधारित सूत्र मांडले. चाळिशीच्या व्यक्तीसाठी दोन्ही सूत्रे १८० हेच उत्तर देतात, मात्र साठीला जुने सूत्र १६० म्हणते आणि नवे १६६. अर्थात सूत्र कोणतेही घेतले तरी ते सरासरी सांगते आणि त्या सरासरीभोवती माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक नित्याचाच असतो. त्यामुळे चाळिशीच्या दोन धडधाकट व्यक्तींपैकी एकीची कमाल गती १६८ आणि दुसरीची १९२ असणे मुळीच नवलाचे नाही. ही संख्या मुख्यतः उपजत असते. सरावाने ती वाढत नाही आणि ती कमी असणे हे दुबळ्या हृदयाचे लक्षणही नव्हे.

टक्केवारी कशाची काढायची, हा दुसरा घोळ. फिनलंडचे शास्त्रज्ञ मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७ च्या संशोधनातून रूढ झालेल्या पद्धतीत कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करतात, उरलेल्या राखीव ठोक्यांची टक्केवारी काढतात आणि तीत विश्रांतीची गती पुन्हा मिळवतात. कमाल १८० आणि विश्रांतीची ६० गती असलेल्या व्यक्तीचे ७० टक्के या रीतीने १४४ येतात, तर सरळ कमाल गतीचे ७० टक्के केवळ १२६ भरतात. एकाच ‘७० टक्क्यां’त १८ ठोक्यांची तफावत! दोन मित्रांच्या दोन घड्याळांतले झोन जुळत नाहीत, याचे कारण पुष्कळदा हृदयात नसून घड्याळाच्या सेटिंगमध्ये असते.

असे असूनही झोनची कल्पना टाकाऊ ठरत नाही, कारण तिच्यामागचे शरीरशास्त्र भक्कम आहे. वेग वाढवत नेला की स्नायूंत साखरेच्या विघटनातून तयार होणारे लॅक्टेट रक्तात वाढू लागते. एका वेगापर्यंत शरीर ते सहज वापरून टाकते. तिथे पहिला उंबरठा येतो. त्यापुढे लॅक्टेटची पातळी चढते पण आटोक्यात राहते, आणि दुसरा उंबरठा ओलांडल्यावर मात्र ती सतत वाढत जाऊन धावणाऱ्याला लवकरच वेग सोडावा लागतो. पहिल्या उंबरठ्याखाली दीर्घकाळ धावल्याने हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलले जाऊ लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे प्रमाण वाढते. यातली शेवटची गोष्ट जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये ट्रेडमिलवर धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत दाखवून दिली होती. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांना अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदींत आढळले, की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे या खालच्या पट्ट्यात असतात आणि उरलेली बरीचशी खरोखर कठीण असतात. हौशी धावक नेमके उलट करतो. सोप्या दिवशी तो थोडा जोरात धावतो, त्यामुळे कठीण दिवशी पाय जड होतात आणि सारा सराव मधल्याच तीव्रतेत अडकून पडतो. घड्याळाचा खरा उपयोग इथे आहे: सोबतच्या गटाने वेग वाढवला तरी आपण मागे राहावे, याचा पुरावा ते मनगटावर ठेवते.

हृदयगतीवर सराव बेतण्याची कल्पना या घड्याळांहून कितीतरी जुनी आहे. जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांच्या पद्धतीत धावपटूची नाडी १८० पर्यंत चढवत आणि ९० सेकंदांत ती १२० च्या आसपास उतरली नाही, तर श्रम जास्त झाले असे मानत. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. छातीच्या पट्ट्याकडून मनगटाकडे बिनतारी संदेश पाठवणारे उपकरण फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणले.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो. मनगटी घड्याळाची रीत निराळी आहे. त्याच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्त कमीजास्त झाले की परतणारा प्रकाशही कमीजास्त होतो. धावताना हात हलतो, घड्याळ सैल असेल तर बाहेरचा प्रकाश आत शिरतो, आणि पावलांचा ताल मिनिटाला १६० ते १८० असल्यामुळे सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागतो. निवांत धावतानाच घड्याळ १७४ दाखवत असेल, तर थांबून लगेच मानेजवळची नाडी १५ सेकंद मोजावी आणि चारने गुणावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधल्यास हा दोष बराच कमी होतो.

आकडा बरोबर असला तरी त्याचा अर्थ हवेवर आणि वाटेवर अवलंबून असतो. मुंबईच्या दमट हवेत घाम नीट सुकत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, पाणी कमी होत जाते, एका ठोक्यातले रक्त घटते आणि वेग तोच असूनही ठोके हळूहळू चढत राहतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अखेरच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो तेव्हा या चढत्या गतीवर रस्त्याचाही चढ भर घालतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढताना वेगाचे गणित सोडून ठोक्यांचेच धरलेले बरे. याउलट २०० मीटरच्या वेगवान धावांत घड्याळ बघणे व्यर्थ, कारण हृदयगती श्रमाच्या मागून येते आणि ती पुरती चढण्याआधीच धाव संपलेली असते.

सूत्रापेक्षा स्वतःची मोजणी विश्वासार्ह. सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटे टिकेल अशा सर्वाधिक वेगाने धावावे. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती दुसऱ्या उंबरठ्याच्या जवळपास असते आणि बहुतेक घड्याळांत झोन तिच्यावरून नव्याने आखता येतात. पहिल्या उंबरठ्यासाठी तर उपकरणही लागत नाही: पूर्ण वाक्ये धाप न लागता बोलता येतात तोवर तो ओलांडलेला नसतो. हृदयविकार असलेल्यांनी किंवा धावताना छातीत दुखणाऱ्यांनी मात्र ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांना वयाचे सूत्र लागूच पडत नाही, कारण ते औषध हृदयगती पुरती वाढू देत नाही. अशांचे झोन ठरवायचे तर औषध चालू असताना केलेल्या स्ट्रेस टेस्टमधील कमाल गतीच आधाराला घ्यावी लागते.