रोच, मॅक्स

रोच, मॅक्स : (१० जानेवारी १९२४ – १६ ऑगस्ट २००७). विख्यात अमेरिकन जॅझ ड्रमवादक, संगीतरचनाकार व अध्यापक. पूर्ण नाव मॅक्सवेल लेम्युएल रोच. जॅझवृंदातील ड्रमवादकाकडे पूर्वी लय धरून ठेवणारा साथीदार एवढ्याच दृष्टीने पाहिले जाई. त्याला सुरेल वाद्ये वाजविणाऱ्यांच्या बरोबरीचे स्थान मिळवून देणाऱ्या कलावंतांत रोचची गणना अग्रक्रमाने होते. बरोबरीचा हा प्रश्न त्याच्या दृष्टीने रंगमंचापुरता मर्यादित नव्हता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांशी तो निगडित होता आणि ही दुसरी बाजू वगळून रोचच्या वादनाचा नीट उलगडा होत नाही.

त्याचा जन्म उत्तर कॅरोलायना राज्याच्या पॅस्क्वोटँक परगण्यात न्यूलँड येथे झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागात स्थायिक झाले. आई चर्चमध्ये भक्तिगीते गात असे. दहाव्या वर्षाच्या सुमारास रोच अशा गायनाच्या साथीला ड्रम वाजवू लागला. १९४२ मध्ये शालेय शिक्षण संपले, त्याच सुमारास ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील सनी ग्रीअर हा ड्रमवादक आजारी असल्याने त्याच्या जागी वाजविण्याची संधी या अठरा वर्षांच्या मुलास मिळाली. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या हार्लेममधील मैफलींत तो वाजवू लागला. ‘बीबॉप’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली नवी शैली तेथे आकार घेत होती.

या शैलीतील ड्रमवादनाचे महत्त्व कळण्यासाठी वाद्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. जॅझमधील ड्रमसंच एकच वादक दोन्ही हात व दोन्ही पाय वापरून वाजवितो. उजव्या पायाखाली मोठा ‘बास ड्रम’ असतो, तर डाव्या पायाने झांजांची एक जोडी उघडली-मिटली जाते. हातांपुढे तळाशी तारा ताणलेला ‘स्नेअर ड्रम’, लहानमोठे ‘टॉमटॉम’ व टांगलेल्या झांजा असतात. १९३० नंतरच्या दशकातील नृत्यसंगीतात बास ड्रमवर चारही मात्रा ठोकण्याची सर्वसाधारण रीत होती. नाचणाऱ्यांच्या पावलांना तो आधार असे. केनी क्लार्क याने हे लयीचे काम मोठ्या झांजेवर नेले. झांजेचा नाद लांबत जात असल्याने लय ठोकल्यासारखी न वाटता वाहती वाटू लागली आणि बास ड्रम व स्नेअर ड्रम मोकळे झाले. मोकळ्या झालेल्या या अवयवांनी काय बोलावे, हे रोचने दाखविले. एकल वादकाच्या वाक्यातील विरामात तो छोटासा आघात पेरी, कधी त्याच्या बोलाला उत्तर देई, तर कधी पुढच्या वळणाची आगाऊ सूचना देई. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याची २६ नोव्हेंबर १९४५ रोजी ध्वनिमुद्रित झालेली ‘को-को’ ही रचना याचा उत्तम नमुना होय. मिनिटाला सुमारे तीनशे मात्रांच्या त्या लयीतही एकवीस वर्षांच्या रोचचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. १९४७ ते १९४९ या काळात तो पार्करच्या पंचकात होता. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस हाही त्याच पंचकातला.

१९५२ मध्ये चार्ल्स मिंगस या बासवादकाच्या सहकार्याने त्याने ‘डेब्यू रेकॉर्ड्‌स’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. निर्मितीची मालकी वादकांच्याच हाती असावी, हा त्यामागील हेतू होता. टोरँटोच्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ रोजी पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस व रोच यांची जी मैफल झाली, तिच्या ध्वनिमुद्रिका याच संस्थेने प्रसृत केल्या.

१९५४ मध्ये रोच व तरुण ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन यांनी संयुक्त नेतृत्वाखाली पंचक उभारले. नेमकेपणा व उत्साह यांचा असा मेळ त्या काळातील फार थोड्या वृंदांत आढळतो. २६ जून १९५६ रोजी पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर झालेल्या मोटार अपघातात पंचवीस वर्षांचा ब्राउन, पियानोवादक रिची पॉवेल आणि पॉवेलची पत्नी हे तिघेही मृत्यू पावले. या आघाताने रोच खचला व काही काळ मद्याच्या आहारी गेला. अपघातापूर्वी अवघे चार दिवस, सनी रॉलिन्सच्या सॅक्सोफोन कलॉसस  या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याने वाजविले होते. तीतील ‘ब्लू सेव्हन’ या रचनेत रोचचे एकल वादन एका त्रिखंडी बोलावर आणि स्नेअर ड्रमवरील अखंड नादावर उभे आहे. एखादे बीज घेऊन ते वाढवीत नेण्याची ही रीत गंथर शुलर या समीक्षकाने १९५८ मधील आपल्या लेखात रॉलिन्सच्या वादनाबरोबरच विचारात घेतली. ड्रमवादनाकडे रचना म्हणून पाहण्याची सवय तेव्हा समीक्षकांनाही फारशी नव्हती.

उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्झबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले व तेथून धरणे धरण्याची मोहीम पसरली. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे निदर्शकांचे हत्याकांड झाले. रोचची वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाउ स्वीट  ही ध्वनिमुद्रिका या वातावरणात १९६० मध्ये तयार झाली. काव्य ऑस्कर ब्राउन (धाकटा) याचे, तर गायन ॲबी लिंकन हिचे होते. १९६२ मध्ये ती रोचशी विवाहबद्ध झाली. ‘ड्रिव्हा मॅन’ या पहिल्या भागात गुलामांवरील मुकादमाचे चित्र आहे. पाच मात्रांच्या त्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर ड्रमच्या कडेवर बसणारा आघात चाबकासारखा कानी पडतो. मधल्या भागात लिंकनला शब्दच नाहीत. ड्रमच्या साथीने ती प्रथम आळविते, मग किंचाळते व अखेर शांत होते. हे संगीत नव्हे, प्रचार आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. परंतु त्या किंकाळीचा प्रारंभ, चढ व विराम ड्रमच्या बोलांशी इतका बांधलेला आहे, की तिला रचनेबाहेरची म्हणता येत नाही. शिवाय ड्रम हे वाद्य या इतिहासात तटस्थ नव्हतेच. १७३९ मधील स्टोनो येथील गुलामांच्या उठावात ड्रम वाजविले गेले आणि त्यानंतर १७४० मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या वसाहतीने कायदा करून गुलामांना ते वाद्य वापरण्यास मनाई केली.

मे १९६१ मध्ये एका आफ्रिकाविषयक संस्थेच्या मदतीसाठी कार्नेगी हॉलमध्ये माइल्स डेव्हिसचा कार्यक्रम चालू असता रोच हाती फलक घेऊन मंचाच्या कडेला जाऊन बसला. आफ्रिका आफ्रिकनांची आहे, अशी त्यावरील घोषणा होती. डेव्हिस काही काळ मंच सोडून गेला. जुन्या सहवादकाच्या मैफलीतही त्याने भीड बाळगली नाही.

ड्रम्स अन्‌लिमिटेड  (१९६६) या ध्वनिमुद्रिकेत एकट्या ड्रमसाठी केलेल्या तीन रचना आहेत. त्यांपैकी ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्‌झेस’ मध्ये दोन्ही पाय बास ड्रम व झांजजोडी यांवर तीन मात्रांचे आवर्तन अखंड चालू ठेवतात आणि हात त्यावर मोकळेपणी बोलतात. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जे काम करतो, तेच येथे वादकाचे स्वतःचे पाय करतात. ‘फॉर बिग सिड’ ही रचना सिड कॅटलेट या आधीच्या पिढीतील वादकाच्या स्मरणार्थ आहे. पूर्वसूरींचे ऋण रोच असे वाजवून फेडी.

१९७० मध्ये त्याने ‘एम्‌बूम’ हा केवळ आघातवाद्यांचा वृंद स्थापन केला. १९७२ पासून ॲमर्स्ट येथील मॅसॅचूसेट्‌स विद्यापीठात त्याने अध्यापन केले. पियानोवादक सेसिल टेलरबरोबरचे १९७९ मधील द्वंद्ववादन, गिलेस्पीबरोबर १९८९ मध्ये पॅरिसला केलेले वादन, तसेच मुलगी मॅक्सीन व्हिओला वाजवीत असलेल्या तंतुवाद्य चतुष्कासह केलेले प्रयोग उल्लेखनीय आहेत. यशस्वी शैलीची पुनरावृत्ती करण्याचा त्याला कंटाळा असे. त्यामुळे या काळातील काही प्रयोग असमान उतरले, हेही खरे. १९८८ मध्ये त्यास मॅक्‌आर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली.

न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. २४ ऑगस्ट २००७ रोजी रिव्हरसाइड चर्चमध्ये झालेल्या अंत्यविधीस वादकांबरोबर माया अँजेलो, अमिरी बराका यांसारखे साहित्यिकही बोलले. ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्याचे दफन झाले. त्याची हस्तलिखिते, पत्रे व ध्वनिफिती आता वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ मध्ये जतन केलेल्या आहेत. वुई इन्सिस्ट!  या ध्वनिमुद्रिकेचा समावेश २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत करण्यात आला. ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्‌झेस’ ही रचना आघातवाद्यांचे विद्यार्थी आपल्या वादनाच्या कार्यक्रमांत सादर करतात. पायांचे आवर्तन न मोडता हातांनी स्वतःचे काही बोलणे, ही तीतील कसोटी असते.