थरयुक्त जमिनीतील अंतःस्रवणाचे मापन

जमिनीत पाणी किती वेगाने मुरते, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मापनाची रूढ रीत दोन समकेंद्री कड्यांची होय. आतील कड्याचा व्यास ३० सेंटिमीटर व बाहेरील ६०. दोहोंतील पातळी सारखी राखावयाची. मोजावयाचे मात्र आतलेच पाणी. बाहेरच्या पाण्यामुळे आडवा पसारा बराच रोखला जातो.

खरी अडचण थरांची. बारीक मातीखाली कोरडी भरड वाळू असली, तर पाणी तेथे पोहोचताच त्वरेने उतरेल अशी अपेक्षा असते. घडते उलट. मातीच्या सूक्ष्म रंध्रांतील केशाकर्षण प्रबळ असल्याने ओल वाळूपाशी येऊन थबकते, आणि सीमेवरील शोषण-ताण पुरेसा घटल्यावाचून वाळूच्या मोठ्या रंध्रांत पाणी शिरत नाही. ग्रीन व अँप्ट यांचे १९११ चे सूत्र एकजिनसी जमीन गृहीत धरते. सबब ते येथे जसेच्या तसे लावता येत नाही.

पाझरत्या फरसबंदीवर ३० सेंटिमीटर व्यासाचे एकच कडे पुटीने घट्ट बसवून, ठराविक वजनाचे पाणी मुरण्यास लागणारा वेळ मोजतात. यावरून पृष्ठभागाची रंध्रे बुजली आहेत की नाहीत, एवढेच समजते. खालच्या जमिनीविषयी काहीच नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हा भेद विशेष जाणवतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, व तेव्हाचे मापन बव्हंशी भेगांचेच ठरते. पावसाने माती फुगून त्या मिटल्या की वेग एकदम घसरतो. यास्तव फरसबंदीखालील खडीच्या थराची जाडी ठरविताना पूर्ण भिजलेल्या जमिनीचेच आकडे घ्यावे लागतात.